गॅलरी नाइटमध्ये पहिल्यांदा चित्रं लावताय? वीस दिवसांत करायची तयारी

निवड झाल्याचा फोन येतो, "तीन चित्रं घेऊन या" म्हणतात, आणि तारीख असते वीस दिवसांवर. पहिल्यांदा चित्रं लावणाऱ्या मुलामुलींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, आता नेमकं काय काय करायचं?" मी कलाशिक्षक आहे. आमच्या गावात अशा संध्याकाळी भरवताना खुर्च्या लावण्यापासून खिळे ठोकण्यापर्यंत सगळं केलं आहे. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो.

मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्याच्या गावी कायमचं कलादालन नाही. त्यामुळे गॅलरी नाइट म्हणजे एका संध्याकाळपुरतं वाचनालयाचा हॉल, शाळेची वर्गखोली, एखाद्या जुन्या वाड्याची ओसरी किंवा चहाच्या दुकानाची भिंत कलादालन होते. वेळ साधारण सहा ते साडेनऊ. येणाऱ्यांत चित्रकार थोडे असतात. भाजी घेऊन घरी निघालेल्या बायका, ट्यूशन सुटलेली पोरं, नातवाचं बोट धरलेले आजोबा असे लोक येतात. हातानं काढलेलं चित्र इतक्या जवळून त्यातल्या अनेकांनी कधी पाहिलेलं नसतं. म्हणून त्या साडेतीन तासांत तुमचं मुख्य काम एकच: आपल्या चित्रापाशी उभं राहायचं आणि येईल त्याच्याशी बोलायचं. बाकीची सगळी तयारी तेव्हा तुमचे हात आणि डोकं मोकळं असावं यासाठी आहे.

सगळ्यात आधी जागा बघून या

फ्रेमवाल्याकडे जाण्याआधी जागेवर जा, आणि शक्यतो ज्या वेळी प्रदर्शन असेल त्याच वेळी जा. दुपारी उजेडानं भरलेली ओसरी संध्याकाळी सातला एका ट्यूबवर असते. मोजपट्टी न्या. आपल्या वाट्याला किती फूट भिंत आहे, भिंत विटांची की दगडी, खिळा मारायला परवानगी आहे का, प्लग कुठे आहे, हे वहीत लिहून घ्या. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतीत खिळा शिरत नाही. तिथे वरच्या तुळईला किंवा खुंट्यांना दोऱ्या बांधून चित्रं सोडावी लागतात, आणि हे आदल्या रात्री कळलं तर फार धावपळ होते.

आयोजकांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: विक्री झाली तर त्यात त्यांचा वाटा किती, चित्रांवर लक्ष कोण ठेवणार, आणि चित्रं उतरवायची कधी. विचारायला संकोच वाटतो, विशेषतः आयोजक आपलेच सर किंवा शेजारचे काका असले की. तरी विचारा.

पावसाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर कार्यक्रम असेल तर दिव्याभोवती पाखरं किती येतात तेही बघा. ओल्या तैलरंगावर एक पाखरू बसलं की ते पंखासकट तिथेच राहतं.

कोणती चित्रं न्यायची

सहा फूट भिंत असेल तर मध्यम आकाराची तीन चित्रं पुरे. पाच आणलीत तर एकही नीट दिसत नाही. तिन्ही एका विषयाची किंवा एका माध्यमाची असली की बघणाऱ्याला तुमचा हात ओळखू येतो. वर्गात सगळ्यांनी मिळून काढलेलं बाटली-फडक्याचं स्टिल लाइफ कितीही चांगलं उतरलं असलं तरी शक्यतो घरीच ठेवा, कारण त्याच्याबद्दल बोलण्यासारखं तुमच्याकडे फार काही नसतं. माझी कसोटी साधी आहे. ज्या चित्राबद्दल तुम्ही दोन मिनिटं न अडखळता बोलू शकता, ते न्या.

इंटरनेटवरचा फोटो बघून काढलेलं चित्र आपलं म्हणून लावू नका. अजिंठ्याची नक्कल करत हात बसवला असेल तर ती जरूर लावा, फक्त पाटीवर "पद्मपाणी, अजिंठा, लेणी क्र. १, अनुकृती" असं लिहा. अनुकृती करण्यात काही कमीपणा नाही. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्यात राहून चित्रांच्या प्रती केल्या होत्या. विद्यार्थ्यांनीच केलेलं ते काम होतं.

त्या कामाचं पुढे जे झालं, त्यामुळेच आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. १८८५ साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत त्यातल्या बऱ्याच प्रती जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकारी-चित्रकारानं अजिंठ्यात वर्षानुवर्षं राबून केलेल्या बहुतेक प्रतीही १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या. तेव्हा चित्र हातातून जाण्याआधी त्याचा चांगला फोटो काढून ठेवा. काच बसवण्याआधी, सकाळच्या सावलीत, मोबाइल चित्राच्या बरोबर समोर धरून काढा. सही आणि चित्राची मागची बाजू यांचेही फोटो घ्या. पुढे कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात काम पाठवायचं झालं तरी हेच फोटो हाताशी येतील.

फ्रेम

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या गावातले फ्रेमवाले देवादिकांचे फोटो, लग्नाचे फोटो आणि सत्काराची मानपत्रं करण्यात तयार असतात. तुमचं जलरंगाचं चित्र त्यांच्या हातात गेलं की सवयीनं ते त्याला मागून गोंद लावून हार्डबोर्डवर चिकटवतात, वर थेट काच बसवतात आणि सोनेरी नक्षीची पट्टी ठोकतात. त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कुणी वेगळं सांगितलेलंच नसतं. तुम्ही दुकानात उभं राहून सांगा. चित्र चिकटवायचं नाही, वरच्या कडेला मागून कागदी टेपचे दोन तुकडे लावून लटकवायचं. गोंद लागलेला कागद पुन्हा सुटत नाही आणि हवा दमट झाली की त्याला फुगे येतात. चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, हवाच, म्हणजे रंग काचेला टेकत नाही. माउंट पांढरा किंवा मोतिया, चारही बाजूंनी दोन-अडीच इंच. पट्टी साधी, इंचभर रुंदीची, काळी किंवा सागवानी. चित्रात कितीही लाल असलं तरी लाल माउंट घेऊ नका. लोकांची नजर आधी माउंटवर जाते.

मागे टांगायला बहुतेक दुकानांत वरच्या पट्टीच्या मधोमध एक छोटा आकडा ठोकतात. त्यावर मोठं चित्र सतत तिरकं होतं. त्याऐवजी दोन्ही उभ्या पट्ट्यांवर, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, डी-रिंग (इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची कडी) लावून घ्या आणि त्यांच्यात पिळाची तार किंवा जाड नायलॉनची दोरी बांधा.

काचेऐवजी अॅक्रिलिक शीट घेतलं तर थोडं महाग पडतं, पण मोटारसायकलवरून नेताना फुटत नाही. मात्र त्याला ओरखडे पटकन पडतात, म्हणून वरची प्लास्टिकची फिल्म चित्र टांगल्यावरच काढा. कॅनव्हासला काच लागत नाही. कडा नीट रंगवल्या असतील तर फ्रेमही लागत नाही.

खर्च झेपत नसेल तर सगळी चित्रं एकाच मापात काढायची सवय लावा. कागदाच्या मापांत हाफ इम्पिरियल म्हणजे १५ × २२ इंच, क्वार्टर म्हणजे ११ × १५. मग तीच फ्रेम, तोच माउंट पुढच्या वेळी दुसऱ्या चित्राला वापरता येतो. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या पहिल्या प्रदर्शनाच्या फ्रेमा आजही फिरत आहेत, आतली चित्रं तेवढी बदलतात.

लग्नसराईत फ्रेमवाल्याला वेळ नसतो. पंधरा दिवस आधी काम टाका आणि दोन दिवस आधी घरी आणा.

नेणं-आणणं

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एप्रिलमध्ये एका विद्यार्थिनीचा अॅक्रिलिक रंगातला कॅनव्हास मी बबल रॅपमध्ये गुंडाळला, फुगे आतल्या बाजूला, थेट रंगाला लागून. दुपारच्या उन्हात तो तासभर रिक्षाच्या टपावर होता. हॉलमध्ये उघडला तेव्हा चित्रातल्या आभाळभर बारीक गोल ठसे उठले होते. अॅक्रिलिक वाळलेलं वाटलं तरी उन्हात मऊ पडतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तिनं ते आभाळ पुन्हा रंगवलं, पण त्या रात्री ते चित्र लागलं नाही. तेव्हापासून रंगाच्या बाजूला आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेर. दोन चित्रं सोबत न्यायची असली तर तोंडाला तोंड लावून, मध्ये पुठ्ठा घालून, म्हणजे मागचे हुक दुसऱ्याच्या रंगात घुसत नाहीत.

मोटारसायकलवर मागे बसून मोठं चित्र धरलं की वाऱ्यानं त्याचं शीड होतं. चार-पाच जण मिळून एक छोटा हत्ती ठरवा, प्रत्येकी फार पैसे पडत नाहीत. काचेवर कागदी टेपची फुली मारा. काच तडकलीच तर तुकडे चित्रावर पडत नाहीत.

तैलरंग वीस दिवसांत पूर्ण वाळत नाही. जाड थर असेल तर महिनाही पुरत नाही. या वेळेसाठी तैलरंगाचं नवं चित्र काढायला घेऊ नका.

पाटी आणि किंमत

पाटीवर एवढंच हवं: नाव, चित्राचं नाव, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी), साल, किंमत. अक्षर हातभर अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता यावं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद मिळाला तर पाट्या त्यावर करा. लोक कागदालाही हात लावून बघतात आणि तिथून बोलणं सुरू होतं. चित्राला "अनटायटल्ड" म्हणण्यापेक्षा "आष्टीच्या बाजारात, दुपार" असं सरळ नाव द्या.

किंमत लिहिताना हात थरथरतो, हे मी दरवर्षी बघतो. काही जण लाजून दोनशे लिहितात आणि एखादा ऐकीव आकड्यानं पन्नास हजार. हिशेबाची एक साधी रीत आहे. लांबी-रुंदीचा गुणाकार करा, त्याला चौरस इंचाचा एक दर लावा आणि फ्रेमचा खर्च त्यात मिळवा. ११ × १५ इंचाचं चित्र म्हणजे १६५ चौरस इंच. दर दहा रुपये धरला तर १,६५०. फ्रेमला ७०० लागले असतील तर २,३५०. दर किती ठेवायचा ते तुमच्या हातावर आणि गावावर आहे, पण तुमच्या तिन्ही चित्रांना तो एकच असू द्या. मग "याचे इतके आणि त्याचे तितके का?" या प्रश्नाला तुमच्याकडे सरळ उत्तर असतं. ओळखीचे लोक "आपल्यासाठी किती?" विचारणारच. आई-वडिलांच्या मित्रांनाही पाटीवरचीच किंमत सांगा. आवडलं पण परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी तुमच्या चित्रांची वीस-तीस रुपयांची पोस्टकार्डं छापून ठेवा. शाळकरी पोरं तीच आधी घेतात.

विकलेल्या चित्राच्या पाटीवर लाल ठिपका लावायची पद्धत आहे. दुकानातून लाल टिकल्यांचं एक पाकीट आणा, काम झालं.

पैसे यूपीआयनं आले तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीन बघून मान डोलावू नका. आपल्या खात्यात आलेले बघा. वय अठराच्या आत असेल तर आई-वडिलांचा क्यूआर कोड लावा आणि त्यांना तिथे थांबायला सांगा.

एक कायद्याची गोष्ट. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं तरी लेखी करार करून दिला नसेल तर त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. घेणारा ते घरात लावू शकतो, पण तुम्हाला न विचारता त्याच्या दिनदर्शिका छापू शकत नाही. मात्र अशा रात्री "आमच्या वाड्याचं एक चित्र काढून द्याल का?" अशी ऑर्डरही मिळते. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. तेव्हा ऑर्डर घेताना दोन ओळी का होईना, कागदावर लिहून घ्या.

टांगणी

त्या दिवशी दुपारी दोनलाच पोहोचा. पाचला पोहोचलेल्यांचे शर्ट घामानं भिजलेले असतात आणि पाहुणे आलेले असतात.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे साधारण १४५ सेंटिमीटरवर यावा. खिळा कुठे मारायचा ते असं काढा. चित्र २४ इंच उंच आहे. मागची तार बोटानं वर ओढून धरली तर ती चित्राच्या वरच्या कडेपासून तीन इंच खाली येते. ५७ अधिक उंचीचं अर्धं म्हणजे १२, झाले ६९, त्यातून ३ वजा. खिळा ६६ इंचांवर. पेन्सिलीनं खूण करा, मग ठोका. शाळेत प्रदर्शन असेल किंवा पोरं खूप येणार असतील तर एखादं छोटं चित्र मुद्दाम चार फुटांवर लावा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ गर्दी तिथेच असते.

दोन चित्रांत एक वीत जागा सोडा. तिन्हींच्या मधल्या रेषेवर सुतळी ताणली की ओळ बिघडत नाही. पाटी चित्राच्या उजव्या हाताला खाली, सगळ्यांची एकाच उंचीवर.

उजेडाकडे लक्ष द्या. निळसर पांढऱ्या बल्बखाली आपल्या मातीचे रंग, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, मेलेले दिसतात. डब्यावर ३००० ते ४००० के (केल्विन, उजेडाचा रंग सांगणारा आकडा) लिहिलेला एलईडी घ्या. दिवा डोक्यावरून तिरका पडू द्या. काचेत ट्यूब दिसत असेल तर चित्राची वरची कड भिंतीपासून किंचित पुढे झुकवा, चमक खाली जाते. वायर जमिनीवरून जात असेल तर टेपनं चिकटवा. लाइट जाणार हे धरून चालून एक चार्ज केलेला इमर्जन्सी दिवा टेबलाखाली ठेवा.

आता ती संध्याकाळ

खुर्ची घेतलीत तरी भिंतीपासून बाजूला, आणि मोबाइल खिशात. चित्राच्या थेट पुढे उभं राहू नका, एका अंगाला थांबा. कुणी थबकलं की लगेच माहिती सांगायला सुरुवात करू नका. त्यांना आधी बघू द्या. नजर तुमच्याकडे वळली की बोला.

पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "हे हातानं काढलंय?" त्यात तुमचा अपमान नाही, छापील कॅलेंडरं बघत वाढलेल्या माणसाचा तो खरा प्रश्न आहे. यासाठी स्केचबुक सोबत न्या. याच चित्राची पेन्सिलची कच्ची रेखाटनं दाखवली की माणूस वाकून बघायला लागतो. लोक चित्राला हातही लावतात. नको म्हणण्यापेक्षा रंगवलेल्या कॅनव्हासचा एक तुकडा टेबलावर ठेवा आणि "हा हाताळून बघा" म्हणा. मी हे करायला लागल्यापासून चित्रावर बोटं जवळपास पडतच नाहीत.

अमूर्त चित्र असेल तर "तुम्हाला जे दिसेल ते" म्हणून सोडून देऊ नका. माणूस मान हलवतो आणि पुढे जातो. तुम्ही कुठून सुरुवात केली ते सांगा: विहिरीत वरून दिसणारं उन्हाळ्यातलं पाणी, सोयाबीन काढल्यानंतरचं रान, जे असेल ते.

माझ्या एका विद्यार्थिनीनं कापसाच्या शेताचं मोठं जलरंगातलं चित्र लावलं होतं. पुढे, अगदी जवळून, एक उललेलं बोंड. एक शेतकरी मामा बराच वेळ त्या बोंडापाशी उभे होते. मग बोट न लावता मोजायला लागले आणि तिला म्हणाले, "बाई, पाच पाकळीचं बोंड असतंय, चारचं असतंय. सहाचं म्या तरी नाही बघितलं." ती गोरीमोरी झाली. पण ती पळाली नाही, तिनं वही उघडून त्यांच्यापुढे धरली. पुढची वीस मिनिटं मामा तिला सांगत होते की फूल पहिल्या दिवशी पिवळट पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, बोंड उलताना कवच कुठून फाटतं, वेचणीला उशीर झाला की कापूस कसा लोंबतो. चित्र त्यांनी घेतलं नाही. जाताना तिला म्हणाले, दिवाळीच्या सुमाराला रानात ये, बसून काढ. कुठल्याही परीक्षकानं तिचं चित्र इतकं बारकाईनं बघितलं नव्हतं. ती चित्रापाशी थांबली होती म्हणून हे तिला मिळालं.

अभिप्रायाची वही ठेवा, पण "छान", "सुंदर" यापलीकडे त्यात फारसं येत नाही. लोक तोंडी जे बोलतात ते रात्री घरी जाऊन तुम्ही स्वतः लिहून काढा.

सोबतच्या कलाकारांची चित्रं बघायला आठच्या सुमाराला पंधरा मिनिटं काढा. तेवढा वेळ शेजारच्याला तुमच्या भिंतीकडे लक्ष द्यायला सांगा, आणि त्याच्या वेळी तुम्ही थांबा. लांबून आलेल्या मुलींच्या परतीची सोय आयोजकांनी आधीच ठरवलेली असावी. नसेल तर ती मागून घ्या.

उतरवताना

विकलेलं चित्रही कार्यक्रम संपेपर्यंत भिंतीवरच राहू द्या. देताना मागे सही, साल आणि तुमचा फोन नंबर लिहा, पावतीची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि ओल्या फडक्यानं काच पुसू नका, उन्हात टांगू नका एवढं घेणाऱ्याला सांगा. न विकलेली चित्रं आणली तशीच बटर पेपरमध्ये बांधा, दमल्यामुळे या वेळी पेपर टाळला जातो. खिळे काढा, भोकं पुट्टीनं बुजवा, सुतळी-टेप गोळा करा आणि हॉलची किल्ली ज्यांच्याकडून आणली त्यांच्या हातात देऊन या. पुढच्या वर्षी तोच हॉल मागायला जायचं आहे.